वाचकांचे प्रश्न : फिजीची नांदी आणि नावांचे घोटाळे

प्रशांत महासागरातल्या फिजी देशातल्या नामवंत माणसांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. राजकारण, खेळ, कायदा, इतिहास असे विषय वेगवेगळे असले तरी निम्म्या पत्रांचं दुखणं एकच आहे : नावं. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्र. शाळेत 'देश आणि माणसं' या भित्तिपत्रकासाठी आम्ही फिजी निवडलं. पण मुलांनी एकच नाव तीन तऱ्हांनी लिहून आणलं : काकोबाऊ, चाकोबाऊ, थाकोम्बाऊ. बरोबर कोणतं? – शिक्षिका, सांगली

उ. तिन्ही चुकीची, तिसरं त्यातल्या त्यात जवळचं. फिजीयन भाषेला रोमन लिपी मिळाली ती १८३५ साली लाकेम्बा बेटावर आलेल्या मेथडिस्ट मिशनऱ्यांमुळे. एका ध्वनीला एकच अक्षर हे त्यांचं धोरण होतं. फिजीयन माणूस 'म्ब' हा एकच ध्वनी मानतो, म्हणून त्यासाठी एकटा 'बी' पुरेसा ठरला. लिहिणाऱ्यांची सोय झाली, आणि बाहेरून वाचणारे तेव्हापासून फसत आले.

मुलांना पाच नियम सांगा. 'बी' दिसला की 'म्ब'. 'डी' दिसला की 'न्द'. 'जी' म्हणजे 'वाङ्मय' या शब्दातला ङ, त्यात 'ग' ऐकू येता कामा नये. 'क्यू' म्हणजे 'रंग' या शब्दातला 'ंग', इथे 'ग' स्पष्ट ऐकू येतो. 'सी' म्हणजे इंग्रजी 'द' या उपपदातला पहिला ध्वनी. सहावा नियम क्वचित लागतो : 'जे' हा बहुधा 'च'कडे झुकतो. संसदेच्या पहिल्या महिला सभापती, पेशाने दंतवैद्य असलेल्या लुवेनी यांचं पहिलं नाव 'जिको' लिहितात आणि 'चिको' उच्चारतात.

आता करून पाहा. विमानतळाचं गाव 'नादी' नव्हे, 'नांदी'. आपल्या संगीत नाटकांमुळे हे तरी मराठी माणसाने विसरू नये. 'लाबासा' म्हणजे लाम्बासा. 'बा' म्हणजे म्बा. 'सिगातोका' म्हणजे सिङातोका. निखाऱ्यांवरून चालणाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं बेट 'बेका' नसून म्बेंगा आहे. दोन बंडं करून नंतर निवडणुकीने पंतप्रधान झालेले सितिवेनी राबुका हे राम्बुका, २००७ ते २०२२ पंतप्रधान असलेले बाइनिमारामा हे म्बाइनिमारामा, आणि १९८७ साली जेमतेम महिनाभर पंतप्रधान राहिलेले डॉक्टर हे तिमोदी म्बावांद्रा. रोमनमध्ये 'सी'ने लिहिलं जाणारं त्यांचं पहिलं नाव म्हणजे बायबलमधला टिमथी. 'सी'चा नियम लक्षात ठेवायला याहून सोपी खूण नाही.

या हिशेबाने तुमच्या भित्तिपत्रकावर 'दाकोम्बाऊ' लिहा. १० ऑक्टोबर १८७४ रोजी लेवुका इथे बेटं ब्रिटनच्या राणीच्या स्वाधीन करणारा तो सरदार. 'थाकोम्बाऊ' आलं ते जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या 'टी-एच'मुळे. आपण ती जोडी डोळे झाकून 'थ' वाचतो, पण मूळ ध्वनी घोष आहे, म्हणजे 'द'च्या जवळचा.

सर्वांत मोठी चूक मात्र पुढे होते. नियम पाठ झाले की मुलं ते सगळीकडे लावतात आणि अर्थमंत्री राहिलेल्या बिमन प्रसादांना 'म्बिमन' करून टाकतात. म्हणून आधी नावाचं मूळ पाहा. नाव भारतीय असेल तर जसंच्या तसं. नाव बायबलमधलं किंवा इंग्रजी असेल तर त्याचं फिजीयन रूप बहुधा झालेलंच असतं : सितिवेनी म्हणजे स्टीफन, ओसेआ म्हणजे होशेया, वाइसाले म्हणजे मेथडिस्टांचा वेस्ली. उरलेल्या नावांना पाच नियम.

प्र. 'रातू' हे फिजीतलं आडनाव आहे का? सूचीत ते कुठे लावायचं? आणि 'रातू सर लाला सुकुना' हे गृहस्थ भारतीय वंशाचे होते का? – ग्रंथपाल, अकोला

उ. रातू हा सरदार घराण्यातल्या पुरुषाचा किताब आहे. आपल्याकडच्या 'श्रीमंत'सारखा तो नावाआधी येतो, म्हणून सूचीत 'र'खाली लावू नये. सुकुना 'स'खाली, मारा 'म'खाली. रेवा भागात रातूऐवजी 'रो' म्हणतात. स्त्रियांचा किताब रोमन लिपीवरून 'आदी' असा उतरवला जातो आणि मराठी वाक्यात 'इत्यादी'चा भाऊ होऊन बसतो. वरच्या नियमाने 'आंदी' लिहा, उच्चारही बरोबर होईल आणि गोंधळही टळेल.

लाला हे इथे फिजीयन नाव आहे, आपल्या लालाजींशी त्याचा संबंध नाही. सुकुना (१८८८–१९५८) हे विद्यापीठाची पदवी मिळवणारे पहिले फिजीयन, शिक्षण ऑक्सफर्डच्या वॉडहॅम कॉलेजात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने घेतलं नाही म्हणून ते फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये भरती झाले आणि फ्रान्सचं शौर्यपदक घेऊन परतले. पण त्यांचं नाव आजही रोज घेतलं जातं ते जमिनीमुळे. १९४० साली त्यांनी सरदारांना राजी करून मूळ फिजीयनांच्या सामायिक जमिनींचा कारभार एका विश्वस्त मंडळाकडे आणला. जमीन कुळाच्या मालकीची राहते, विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते. उसाची शेती करणाऱ्या भारतीय वंशाच्या शेतकऱ्याला १९७६च्या कायद्याने किमान ३० वर्षांचा पट्टा मिळाला. पट्टे संपू लागले ते १९९७पासून. त्यानंतरच्या दशकातलं फिजीचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर ही ३० वर्षांची मोजणी आधी मांडावी.

प्र. गोल्फपटू विजय सिंग यांना 'फिजीयन' म्हणावं की 'भारतीय'? आमच्या प्रश्नमंजूषेत यावरून वाद झाला. – वाचक, ठाणे

उ. फिजीयन. वाद झाला यात मात्र नवल नाही, कारण हा शब्दच मध्यंतरी बदलला. २०१०पर्यंत सरकारी भाषेत 'फिजीयन' म्हणजे फक्त मूळ रहिवासी, आणि ऊसमळ्यांवर आलेल्या मजुरांचे वंशज चौथ्या पिढीतही 'इंडियन'. २०१०मध्ये मूळ रहिवाशांसाठी 'इतौकेई' हा शब्द कायद्यात आला, अर्थ 'मालक'. २०१३च्या राज्यघटनेने सर्वच नागरिकांना फिजीयन म्हटलं. त्यामुळे जुनं कात्रण वापरताना आधी साल पाहा. १९९०मधल्या बातमीत 'फिजीयन' आणि 'इंडियन' यांची संख्या दिली असेल तर ते दोन देशांचे नव्हे, एकाच देशातल्या दोन समाजांचे आकडे असतात. मराठी मजकुरात नागरिक या अर्थी 'फिजीयन', समाज सांगणं गरजेचं असेल तिथे 'इतौकेई' किंवा 'इंडो-फिजीयन' असं लिहिलं तर कोणाचीच दिशाभूल होत नाही.

विजय सिंग यांचा जन्म लौतोकाचा, २२ फेब्रुवारी १९६३चा. बालपण नांदीत गेलं, वडील विमानांचे तंत्रज्ञ आणि गोल्फचे पहिले गुरूही तेच. तीन मोठी विजेतेपदं : पीजीए १९९८ आणि २००४, मास्टर्स २०००. सप्टेंबर २००४मध्ये त्यांनी टायगर वूड्सला खाली खेचून पहिला क्रमांक घेतला आणि एकूण ३२ आठवडे तो त्यांच्याकडे होता. त्या एका हंगामात त्यांनी नऊ स्पर्धा जिंकल्या. पीजीए टूर या अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेतल्या त्यांच्या ३४ विजयांपैकी २२ हे वयाच्या चाळिशीनंतरचे आहेत. प्रश्नमंजूषेत विचारायचंच असेल तर हे विचारा, वंशापेक्षा हा प्रश्न चांगला.

'पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान' या प्रश्नाचं उत्तर महेंद्र चौधरी. १९ मे १९९९ रोजी पद घेतलं, १९ मे २००० रोजी बंडखोरांनी संसदेत घुसून त्यांना सरकारसकट ओलीस धरलं. ओलीस राहिले ५६ दिवस.

प्र. समुद्राच्या हद्दीचा आंतरराष्ट्रीय कायदा एका फिजीयन माणसाने घडवला असं वाचलं. खरं आहे का? आम्हा कोकणातल्यांना त्याचं काय? – वाचक, रत्नागिरी

उ. एकट्याने असा कायदा कोणी घडवत नाही, पण सत्यानंद नंदन (१९३६–२०२०) यांचं नाव वगळून त्याचा इतिहास लिहिता येत नाही. त्यांना सगळे सत्या नंदन म्हणत. जन्म राजधानी सुवाचा, पेशा वकिलीचा. १९७०मध्ये फिजी स्वतंत्र झाल्यावर ते संयुक्त राष्ट्रांतल्या शिष्टमंडळात गेले आणि समुद्रकायद्याच्या वाटाघाटींत शिरले ते कायमचेच.

फिजीला हा विषय जिव्हाळ्याचा का, ते आकड्यांत पाहा. देशात तीनशेच्या वर बेटं, सगळी जमीन मिळून सुमारे १८,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून किंचित जास्त. पण २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र धरलं तर समुद्र येतो सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर. त्यासाठी दोन गोष्टी मान्य करून घ्याव्या लागल्या. एक, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि खनिजांवर किनारी देशाचा हक्क. दुसरी, द्वीपसमूहाची कड मोजताना प्रत्येक बेटाभोवती वेगळं वर्तुळ काढायचं नाही, सगळ्यांत बाहेरची बेटं रेषेने जोडून आतलं पाणी देशाचं मानायचं. इंडोनेशिया, फिलिपीन्स आणि मॉरिशस यांच्या जोडीने फिजीने हा मुद्दा लावून धरला. १० डिसेंबर १९८२ रोजी करार सह्यांसाठी खुला झाला, आणि त्याच दिवशी त्याला रीतसर मान्यताही देऊन टाकणारा पहिला देश फिजी.

गाडी अडली ती खोल समुद्रतळाशी. कोणत्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या तळावरची खनिजं सगळ्या मानवजातीची, असं करारात होतं. ती काढायचं तंत्र ज्यांच्याकडे होतं त्या श्रीमंत देशांना त्यातल्या अटी मान्य नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय करार कागदावरच राहिला असता. १९९०पासून संयुक्त राष्ट्रांत ज्या अनौपचारिक बैठका चालल्या त्यांची दोरी नंदन यांच्या हातात होती. मूळ करार उघडायचा नाही, त्याला हात न लावता शेजारी दुसरा करार ठेवायचा आणि दोन्ही एकत्र वाचायचे, ही युक्ती कामी आली. २८ जुलै १९९४ रोजी तो मंजूर झाला, १६ नोव्हेंबर १९९४ला मूळ करार अमलात आला. जमैकातल्या किंग्स्टन इथे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण उभं राहिलं आणि १९९६ ते २००८ त्याचे पहिले महासचिव नंदनच होते.

कोकणाशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिल्या १२ सागरी मैलांत मासेमारीचे नियम राज्याचे, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचे. ट्रॉलरवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या भांडणात वारंवार ऐकू येणारे हे दोन्ही आकडे याच करारातले आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जमिनीवरचा मैल धरून हिशेब केलात तर १२ मैलांत जवळपास तीन किलोमीटरची चूक होते. दुसरा संबंध गोव्यातला. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने जानेवारी १९८१मध्ये हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातूंचे गोटे वर काढले. त्या गोट्यांच्या शोधासाठी भारताने २००२मध्ये समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला, तेव्हा त्याचे महासचिव सत्या नंदन होते.

प्र. रॉय कृष्णा इतके गोल करूनही 'गोल्डन बूट' का मिळाला नाही? – फुटबॉलप्रेमी, मडगाव

उ. इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा हा मान हुकला तो बरोबरीमुळे, तीही लागोपाठ दोन वर्षं. २०१९-२०मध्ये कोलकात्याच्या एटीके संघाकडून त्याचे १५ गोल, पण दुसऱ्या संघांतल्या वाल्स्किस आणि ओगबेचे यांचेही १५च, आणि बूट गेला वाल्स्किसकडे. पुढच्या हंगामात १४ गोल, आणि तुमच्या एफसी गोवाच्या इगोर आंगुलोचेही १४. गोल सारखे असतील तर पुढचे निकष लागतात आणि मैदानावर कमी मिनिटं असलेल्याला त्याचा फायदा मिळतो. त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र कृष्णाकडेच आला.

लाम्बासाचा हा मुलगा फिजीचा कर्णधार. भारतात येण्याआधी ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये वेलिंग्टनकडून २०१८-१९चा गोल्डन बूट त्याने मिळवला होता, म्हणजे ती हौस फिटलेली. रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीने केलेला एकमेव गोलही त्याचाच, मेक्सिकोविरुद्ध. गोव्याची माती त्याला अर्धीच मानवली. फातोर्ड्यावर मार्च २०२०मध्ये संघ रिकाम्या स्टेडियममध्ये विजेता ठरला, पण हा दुखापतीने मध्यंतराआधीच बाहेर गेला होता. नोव्हेंबर २०२०मध्ये बांबोळीला संपूर्ण हंगामाचा पहिला गोल त्याने मारला, आणि मार्च २०२१च्या अंतिम सामन्यात, पुन्हा फातोर्ड्यावरच, मुंबई सिटीने ९०व्या मिनिटाला त्याच्या संघाला हरवलं.

प्र. एवढासा देश रग्बीत ऑलिंपिक सुवर्ण कसं मिळवतो? – वाचक, कोल्हापूर

उ. पंधरा जणांच्या नव्हे, सात जणांच्या रग्बीत. मैदान तेवढंच मोठं, माणसं निम्म्याहून कमी, आणि खेळ सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. मोकळी जागा भरपूर, म्हणून ढकलाढकलीपेक्षा धाव, चेंडू एका हाताने सोडण्याची सफाई आणि समोरच्याला हुलकावणी यांना किंमत. कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. आणखी एक बारकावा : इथे गुण मिळवणारा संघच पुन्हा चेंडू लाथाडून खेळ सुरू करतो. म्हणजे चेंडू समोरच्याकडे जायला हवा. पण उंच उडवलेला चेंडू तुमच्याच गड्याने हवेत झेलला की प्रतिस्पर्ध्याला चेंडू न लागताच दुसरा 'ट्राय' होतो, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळतात. फिजी जिंकते तेव्हा अशी झोडपून का जिंकते याचं अर्धं उत्तर इथे आहे.

या खेळाचा राजा वाइसाले सेरेवी, ङाऊ बेटावरचा. १९९७ आणि २००५ असे दोन विश्वचषक, दोन्ही हाँगकाँगला. ऑलिंपिकमध्ये फिजी १९५६पासून जात होती आणि ६० वर्षं रिकाम्या हाताने परतत होती. पहिलं पदक आलं तेच सोन्याचं : ११ ऑगस्ट २०१६, रिओ, ब्रिटनवर ४३–७, कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ. त्याच्या आनंदात फिजीने २०१७मध्ये चक्क ७ डॉलरची नोट काढली. टोकियोत न्यूझीलंडवर २७–१२, कर्णधार जेरी तुवाई. दोन्ही सुवर्णसंघांत तो होता. महिलांच्या संघाने टोकियोतच कांस्य घेतलं. पॅरिसला २०२४मध्ये फ्रान्सने अंतिम सामन्यात २८–७ असं अडवलं.

प्र. मॉरिशसमध्ये मराठी वस्ती आहे. तशी फिजीत का नाही? आणि फिजीतल्या ओळखीच्या कुटुंबाला पूर्वजांचं गाव शोधून द्यायचं आहे, ते कसं? – वाचक, पुणे

उ. बंदरामुळे. मॉरिशसला मुंबईहून जहाजं गेली. फिजीला करारावरच्या मजुरांची, म्हणजे गिरमिटियांची जहाजं सुटली ती कलकत्त्याहून आणि १९०३पासून मद्रासहूनही. पहिलं 'लिओनिडास', १४ मे १८७९ला पोहोचलं. १९१६पर्यंत ८७ फेऱ्यांत ६०,५५३ माणसं उतरली : कलकत्त्याहून ४५,४३९, मद्रासहून १५,११४. 'गिरमिट' म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', पाच वर्षांचा करार.

गाव शोधण्याची वाट ब्रिज विलाश लाल (१९५२–२०२१) यांनी मळून ठेवली आहे. लाम्बासाजवळच्या ताम्बियात गिरमिटियाच्या घरात जन्मलेल्या या इतिहासकाराने कलकत्त्याहून गेलेल्या सगळ्या ४५,४३९ माणसांचे परवाने तपासून संगणकावर चढवले. त्यावरून कळलं की सर्वाधिक लोक आजच्या उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याचे होते. पुढे १९९७ची राज्यघटना ज्या आयोगाच्या अहवालावर उभी राहिली, त्या तीन सदस्यांच्या आयोगात ते होते. २००९मध्ये लष्करी सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं आणि परत येऊ दिलं नाही. ब्रिस्बेनला २५ डिसेंबर २०२१ रोजी ते गेले. बंदी उठली ती त्यानंतर, २०२२च्या अखेरीस सत्ता बदलल्यावर.

आता शोधाची रीत. प्रत्येक गिरमिटियाचा एक परवाना होता. त्यावर क्रमांक, जहाज, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची आणि अंगावरची खूण. मूळ नोंदी सुवाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कुटुंबाकडून आधी जहाजाचं नाव आणि साल मिळवा, शक्य असेल तर परवान्याचा क्रमांक. नुसत्या नावावर जाऊ नका. रामदीन आणि सुखराज डझनांनी सापडतात. आडनाव तर विसराच. बहुतेकांची नावं एकेरी होती, आणि नंतर बापाचं किंवा आजोबांचं पहिलं नाव आडनाव म्हणून चिकटलं. फिजीतल्या लाल, राम, चंद यांवरून जात किंवा प्रांत ओळखायला जाल तर हमखास फसाल.

परवाना मिळाला तरी दोन अडचणी येतात. कारकुनाने कानावर पडलं तसं रोमनमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून गावाचं नाव मोठ्याने चार प्रकारे वाचून पाहा आणि गावाआधी ठाणं पक्कं करा, ती नोंद जास्त भरवशाची. दुसरी अडचण, जिल्हे फुटले आहेत. परवान्यावरचा बस्ती आज बस्ती, सिद्धार्थनगर किंवा संत कबीर नगर यांपैकी काहीही असू शकतो. फैजाबाद असेल तर आजच्या अयोध्येबरोबर आंबेडकरनगरही पाहा.

तारखांविषयी एक सावधानता. १४ मे ही तारीख फिजीत दोनदा येते. १८७९चं पहिलं जहाज त्याच दिवशी पोहोचलं, आणि भारतीय वंशाच्या मंत्र्यांचा भरणा असलेलं सरकार उलथवणारं राम्बुकांचं पहिलं बंडही १४ मेचंच, १९८७चं. २०२३मध्ये पंतप्रधान म्हणून याच राम्बुकांनी याच तारखेला त्या बंडाबद्दल जाहीर माफी मागितली. कात्रणावर साल नसेल तर या तिन्हींची सरमिसळ होते.

प्र. फिजीच्या एका क्रिकेटपटूचं नाव धावफलकावर मावत नसे, ही थाप आहे का? – वाचक, डोंबिवली

उ. थाप नाही. आय. एल. बुला. त्याच्या खऱ्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण असा : लाऊ द्वीपसमूहातल्या लाकेम्बा बेटावरच्या नांकुला रुग्णालयातून जिवंत परत आलेला. खेळापुरता त्याने त्यातला 'बुला' तेवढा ठेवला. हा शब्द म्हणजे जीवन, आणि फिजीतला रोजचा रामरामही तोच. वरच्या नियमाने उच्चार 'म्बुला'. १९४७-४८ आणि १९५३-५४च्या न्यूझीलंड दौऱ्यांत तो खेळला. पहिल्या दौऱ्यात त्याच्याबरोबर रातू जॉर्ज दाकोम्बाऊ होते, जे पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि दुसऱ्यात रातू कामिसेसे मारा, जे १९७०मध्ये पहिले पंतप्रधान झाले. त्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला तो थेट १९८७मध्ये, पूर्वलक्षी प्रभावाने. त्यामुळे जुन्या आकडेवारीच्या पुस्तकात ही नावं सापडली नाहीत तर पुस्तकाच्या छपाईचं साल पाहा.